डीपकूल एके४०० : इंदूरच्या उन्हाळ्यात रायझन ५८००एक्सवर कसा चालतो

आधी निकाल सांगून टाकते, घाईतले लोक सुटतील. एके४०० हा प्रोसेसर गार ठेवणारा कूलर चांगला आहे, तीन हजारांच्या आत मिळाला, आवाजाचा त्रास नाही, बसवायला सोपा. आणि तरीसुद्धा इंदूरच्या मे महिन्यात रायझन ७ ५८००एक्स (एएमडीचा आठ कोरवाला प्रोसेसर) पूर्ण ताकदीवर तासभर पळवायचा म्हटलं तर हा एकटा पुरत नाही. पण त्यावर इलाज म्हणजे दहा हजारांचा पाण्याचा कूलर असं जे जो तो सांगतो ना, ते मला पटत नाही, आणि का पटत नाही ते सांगायलाच एवढं लांबण लावतेय.

माझं काम घरूनच चालतं, इंटिरियरचं. लोकांच्या फ्लॅटचे थ्रीडी व्ह्यू बनवते आणि कोरोना रेंडरर वापरते, जो सगळं गणित प्रोसेसरवरच करतो, ग्राफिक्स कार्ड कितीही भारी असू दे त्याला तो रेंडरला हात लावू देत नाही. म्हणजे एक बटण दाबलं की आठही कोर शंभर टक्क्यांवर, आणि मोठ्या हॉलचा व्ह्यू असला की पाऊण तास तसेच. गेम खेळणाऱ्यांचा प्रोसेसर इतका वेळ सलग तापत नाही, त्यामुळे गेम चालवून "बघा फक्त ६५ डिग्री" म्हणणारे यूट्यूबवरचे व्हिडिओ माझ्या काही कामाचे नाहीत. तुमचं काम एडिटिंग, रेंडरिंग, कोड कंपाइल असं काही असेल तर हा रिव्ह्यू तुमच्यासाठी, फक्त गेम आणि टॅलीवाल्यांनी शेवटचे दोन परिच्छेद वाचले तरी चालेल.

मशीन मूळ २०२० मधलं, बी४५० बोर्डवर रायझन ५ ३६००, त्याच्यासोबत डब्यात येतो तो छोटा रेथ स्टेल्थ कूलर. नंतर काम वाढलं तसा त्याच बोर्डवर बायोस (बोर्डमधलं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट करून ५८००एक्स टाकून घेतला. एएम४ सॉकेटचं (बोर्डवर प्रोसेसर बसतो ती जागा) हे एक सुख आहे, २०१६ पासूनचं सॉकेट आणि इतकी वर्षं बोर्ड न बदलता प्रोसेसर बदलता आला. आता ५८००एक्सच्या डब्यात कूलर येतच नाही, आणि ज्या दुकानात हे काम करून घेतलं (नाव लिहीत नाही) त्यांनी तो जुना स्टेल्थच परत चढवून दिला. विचारलं तर "चालून जाईल मॅडम, फॅन फिरतोय ना." फिरत होता हो, असा फिरत होता की शेजारच्या काकू विचारायला आल्या मिक्सर बिघडलाय का म्हणून. रेंडर लावलं की काही सेकंदात ९० डिग्री आणि घड्याळ, म्हणजे प्रोसेसरचा वेग, चार गिगाहर्ट्झच्याही खाली. नवीन प्रोसेसरचे पैसे मोजून जुन्यापेक्षा जेमतेम बरं काम.

यात त्या बिचाऱ्या स्टेल्थचा दोष काहीच नाही. तो ६५ वॉटच्या प्रोसेसरसाठी बनवलेला अ‍ॅल्युमिनियमचा छोटा ठोकळा आहे, त्यात हीटपाइप (त्या काय ते पुढे सांगते) नाहीत. ५८००एक्सवर लिहिलंय १०५ वॉट, पण तो आकडाही फसवा, कारण एएम४ वर एएमडी सॉकेटला जी खरी मर्यादा देते, जिला पीपीटी म्हणतात, ती साधारण लिहिलेल्या आकड्याच्या १.३५ पट असते. म्हणजे १०५ चे झाले १४२ वॉट. (५६००एक्स आणि ५७००एक्स हे अपवाद, त्यांची मर्यादा ७६ वॉटच आहे.) आणि हे १४२ वॉट बहुतांश एका चिपलेटमधून (कोर असलेली प्रोसेसरच्या आतली छोटी चिप) बाहेर पडतात, जिचं क्षेत्रफळ साधारण ८० चौरस मिलिमीटर, म्हणजे करंगळीच्या नखाएवढी जागा म्हणा ना. ५९००एक्सला मर्यादा तेवढीच, पण त्याच्यात चिपलेट दोन आहेत त्यामुळे उष्णता वाटली जाते. म्हणून आठ कोरवाला ५८००एक्स बारा कोरवाल्यापेक्षा जास्त तापतो, हे ऐकायला उलटं वाटतं पण असंच आहे. एएमडीच्या माणसांनीच तेव्हा सांगितलं होतं की पूर्ण लोडवर ९० पर्यंत जाणं या मालिकेत धरूनच चाललंय. त्यामुळे ९० दिसलं म्हणून प्रोसेसर जळत नाही, तो स्वतःच वेग कमी करून तिथे थांबतो. माझी तक्रार जळण्याची नाही, वेग कमी होण्याची आहे. पैसे वेगाचे दिले होते.

तर कूलर घ्यायचा ठरला. भाचा बी.ई.ला आहे, त्याला घेऊन सिल्व्हर मॉलला गेले, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, आरएनटी मार्गावर आहे आणि इंदुरात कॉम्प्युटरचं काही घ्यायचं तर पाय आपोआप तिकडेच वळतात. एका ठिकाणी आत शिरल्या शिरल्या २४० एमएमचा पाण्याचा कूलर समोर ठेवला, रंगीबेरंगी दिवे, "दीदी, ५८००एक्स है तो लिक्विडच लागेल, एअर से नहीं होगा." इंदुरात दुकानदार मराठी ऐकला की अर्धं मराठी आणि अर्धं हिंदी सुरू करतो, त्याचं मला कौतुकच आहे, पण किंमत ऐकून बाहेर आलो. दुसऱ्या दुकानात एके४०० होता, काळा, बिनदिव्याचा. भाच्याने मोबाइलवर मापं बघितली आणि घेतला.

मापं बघणं महत्त्वाचं आहे, सांगते का. कूलरची उंची १५५ मिलिमीटर आहे. तुमच्या कॅबिनेटच्या माहितीत सीपीयू कूलर क्लिअरन्स म्हणून आकडा दिलेला असतो, तो १६० च्या आसपास असला की निर्धास्त. पण दुकानात आठशे-हजाराला मिळणारी अरुंद कॅबिनेट असतात ना, ज्यांच्यासोबत पॉवर सप्लायही फुकट दिल्यासारखा येतो, त्यात साइडचं पॅनेल लागणारच नाही. जाडी मात्र छान बेताची आहे, फॅनसकट ९७ मिलिमीटर, त्यामुळे रॅमच्या डोक्यावर येत नाही. डबल टॉवर कूलरमध्ये उंच रॅम असली की पुढचा फॅन वर सरकवून लावावा लागतो आणि मग साइडची काच लागत नाही, ती भानगड इथे नाही.

आत काय आहे तर ६ मिलिमीटरच्या चार तांब्याच्या हीटपाइप, वर अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्यांचा टॉवर, आणि १२० एमएमचा एक फॅन जो मिनिटाला ५०० पासून १८५० फेऱ्यांपर्यंत जातो. हीटपाइप म्हणजे भरीव तार नाही बरं का, आतून पोकळ असते, हवा काढून थोडंसं पाणी भरून सील केलेली. खालच्या टोकाला पाण्याची वाफ होते, वाफ वर जाते, पट्ट्यांपाशी गार होऊन परत पाणी होते आणि आतल्या खरखरीत थराच्या केशाकर्षणाने खाली उतरते. नुसत्या तांब्याच्या दांडीपेक्षा कितीतरी पट लवकर उष्णता हलते. पाण्याच्या कूलरला लोक एवढे भाळतात, इथेही पाणीच काम करतंय, फक्त पंप नाही त्यामुळे बंद पडायला काही नाही. एके४०० मध्ये या पाइप खालून घासून सपाट केलेल्या आहेत आणि थेट प्रोसेसरच्या टोपीला टेकतात.

आता बसवण्याचं. हे जरा सविस्तर लिहिते कारण एएम४ वर खरी भीती नवीन बसवायची नाही, जुना काढायची आहे. या सॉकेटमध्ये पिना प्रोसेसरला असतात, १३३१ पिना, आणि सॉकेटची पकड फार घट्ट नसते. प्रोसेसर आणि कूलरच्या मधे लावलेली पेस्ट वाळून चिकट झालेली असली आणि तुम्ही कूलर सरळ वर ओढला तर लिव्हर बंद असतानाही प्रोसेसर कूलरला चिकटून उपटून येतो, आणि पिना वाकल्या की मग सुई आणि भिंग घेऊन बसा. म्हणून आधी मशीन दहा-पंधरा मिनिटं चांगलं कामाला लावून गरम करायचं, बंद करायचं, वायर काढायची, आणि पेस्ट मऊ आहे तोवर चार स्क्रू काढून कूलर वर न ओढता डावीकडे-उजवीकडे थोडा थोडा फिरवायचा. बरणीचं झाकण सोडवतो तसं. एक बारीकसा चक्क आवाज येतो आणि तो सुटतो, मग उचलायचा. भाचा फिरवत होता, मी कॅबिनेटच्या मागून हात घातला होता, कारण स्टेल्थचे चार स्क्रू थेट बोर्डच्या मागच्या प्लेटमध्ये गेलेले असतात आणि ते काढले की ती प्लेट मागे धप्पकन पडते. "मावशी, प्लेट सोडू नको हां." नाही सोडली. पण मशीन आडवं करून बोर्डखाली हात जात नाही, उभं ठेवलं की कूलर लटकतो, म्हणून मधला मार्ग, कॅबिनेट भिंतीला तिरपं टेकवून एकजण मागे एकजण पुढे. एकटं असाल तर प्लेटवर मागून चिकटपट्टीचा तुकडा लावून टाका.

जुनी पेस्ट टिश्यू आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसायची. ते नसेल तर कोरड्या टिश्यूने जेवढी निघेल तेवढी काढा, पण नेलपॉलिश रिमूव्हर लावू नका, त्यात तेल आणि सुगंध असतो.

एके४०० ला वेगळी मागची प्लेट लागत नाही, एएमडीचीच वापरतात. प्लेटच्या चार पिलरवर प्लास्टिकचे स्पेसर, त्यावर दोन लोखंडी पट्ट्या, चार स्क्रू. मग पेस्ट, मग फॅन काढून नुसता टॉवर ठेवायचा आणि दोन बाजूंचे स्प्रिंगवाले स्क्रू एक इकडचा दोन फेरे, एक तिकडचा दोन फेरे असं आळीपाळीने पिळायचे. एक बाजू आधी पूर्ण कसली तर टॉवर तिरका होतो आणि पेस्ट एकीकडे सरकते. स्क्रू पूर्ण गेला की आपणहून थांबतो, त्यापुढे ताकद लावायची नाही. लांब दांडीचा, चुंबक लागलेला स्क्रूड्रायव्हर मात्र घरात हवाच, आखूड असला तर टॉवरच्या पट्ट्या हाताला लागतात आणि त्या धारदार असतात.

पेस्टवरून घरोघरी वाद होतात म्हणून माझं मत. पेस्ट हे काही औषध नाही. चांगल्या पेस्टची उष्णता-वाहकता साधारण ५ ते १०, तांब्याची ४०० च्या घरात, आणि हवेची ०.०२६. म्हणजे पेस्ट तांब्यापुढे काहीच नाही, पण तिचं काम फक्त दोन धातूंच्या मधली हवा हाकलायचं आहे. जितकी पातळ तितकी चांगली, पण कोपरा कोरडा राहता कामा नये. थेट पाइपवाल्या बुडात पाइपच्या मधे बारीक खाचा असतात, त्यामुळे मधोमध एकच ठिपका टाकण्यापेक्षा पाइपच्या दिशेने दोन-तीन बारीक रेघा ओढलेल्या बऱ्या. थोडी जास्त झाली तर बाजूने बाहेर येईल एवढंच, नेहमीच्या पेस्ट वीज वाहत नाहीत त्यामुळे बोर्ड शॉर्ट होत नाही. कमी झाली तर मात्र आकड्यात दिसतं. आणि प्लास्टिकची संरक्षक फिल्म कूलरच्या बुडावरून काढली का ते दोनदा बघा, अहो हसू नका, ती तशीच ठेवून बसवलेले लोक आहेत.

फॅनची तारेची क्लिप. हा प्रकार सगळ्याच टॉवर कूलरना असतो आणि सगळीकडे तितकाच कटकटीचा. फॅन टॉवरच्या पुढच्या बाजूला, म्हणजे रॅमच्या बाजूला, हवा मागच्या एक्झॉस्टकडे ढकलेल असा. फॅनची उघडी बाजू जिथून हवा घेते ती, आणि जिथे प्लास्टिकच्या काड्यांची जाळी असते तिकडून हवा बाहेर पडते. वायर बोर्डवर सीपीयू फॅन लिहिलंय त्याच चार पिनांवर, कॅबिनेट फॅनच्या पिनांवर लावली तर बरेच बोर्ड सुरू होताना फॅन नाही म्हणून अडून बसतात.

हे झालं. आता आकडे, ज्यासाठी तुम्ही एवढं वाचलंत.

एचडब्ल्यूइन्फो नावाचा तापमान दाखवणारा प्रोग्राम लावला, फुकट आहे, त्यात टीसीटीएल/टीडाय असं लिहिलेला आकडा बघायचा. पण त्या आकड्याइतकंच, खरं तर त्याहून जास्त महत्त्वाचं आहे खोलीचं तापमान, आणि ते कोणी लिहीतच नाही. एक साधा थर्मामीटर घेऊन कॅबिनेटच्या पुढच्या जाळीजवळ ठेवला. जानेवारीत संध्याकाळी खोली २१, रेंडर अर्धा तास झाल्यावर प्रोसेसर ८१-८२ वर स्थिर, घड्याळ साडेचारच्या आसपास, आवाज पंख्याखाली विरून जाईल एवढा. खूश. दुकानदाराचं "एअर से नहीं होगा" खोटं ठरवल्याचा आनंद वेगळाच.

मग आला एप्रिल, मग मे. दुपारी दोन वाजता खोली ३७. तेच रेंडर, तोच कूलर, तीच पेस्ट, प्रोसेसर ९० ला जाऊन चिकटला आणि घड्याळ हळूहळू खाली. भाच्याला फोन केला तर म्हणाला पेस्ट बदल. मी म्हटलं थांब, आधी वजाबाकी कर. जानेवारीत ८१ वजा २१ म्हणजे ६०. कूलरचं खरं काम हा ६० आकडा आहे, तो १४२ वॉटच्या मर्यादेतली उष्णता खोलीच्या हवेपेक्षा ६० डिग्री वर ठेवून बाहेर काढतो. आता ३७ मध्ये ६० मिळवा. ९७. प्रोसेसरची मर्यादा ९०. कूलर बिघडला नाही, पेस्ट वाळली नाही, इंदूर तापलंय.

एवढी एक गोष्ट डोक्यात बसली की कूलरचे सगळे रिव्ह्यू वेगळ्या नजरेने वाचता येतात. परदेशातला रिव्ह्यूवाला २२ डिग्रीच्या खोलीत बसून ७८ दाखवतो, त्यातले ५६ त्याच्या कूलरचे आणि २२ त्याच्या गावचे. आपल्या खोलीचे ३७ धरले की तोच महागडा कूलर ९३. आणि पाण्याचा कूलरसुद्धा खोलीच्या हवेपेक्षा गार काही करू शकत नाही, रेडिएटरमधून तीच ३७ ची हवा जाते. फरक पडतो, नाही असं नाही, पाच-आठ डिग्री पडेल. पण त्यासाठी तिप्पट पैसे, एक पंप जो कधीतरी बंद पडणार, आणि रबरी नळ्यांतून वर्षानुवर्षं थोडं थोडं उडत जाणारं पाणी. एअर कूलरचा फॅन गेला तर पाचशे-सातशेत दुसरा मिळतो आणि टॉवर तोच राहतो.

मग उन्हाळ्यात मी काय केलं तर कूलर नाही बदलला, वॉट बदलले. बायोसमध्ये एएमडी ओव्हरक्लॉकिंगच्या पानावर, प्रिसिजन बूस्ट ओव्हरड्राइव्हच्या आत, इको मोड असतो. १०५ वॉटचा प्रोसेसर त्याने ६५ च्या वर्गात जातो, म्हणजे पीपीटी ८८ वॉट. काही बोर्डांत इको मोड नावाने दिसत नाही, तिथे पीबीओ मॅन्युअल करून तीन आकडे हाताने घालायचे : पीपीटी ८८, टीडीसी ६०, ईडीसी ९० (शेवटचे दोन म्हणजे करंटच्या मर्यादा). बस. त्याच मेच्या दुपारी त्याच खोलीत तेच रेंडर, ७७. दुसरं एक वीस मिनिटांचं रेंडर बावीस मिनिटांत झालं. दोन मिनिटं! त्यासाठी मी दहा हजार देणार होते. वरून फॅन शांत, आणि वीजही वाचते. कारण या चिपांचं असं आहे की शेवटच्या थोड्या वेगासाठी त्या व्होल्टेज भरमसाट वाढवतात, वरचे पन्नास वॉट खाऊन वेग जेमतेम दहा टक्के वाढतो. हिवाळ्यात परत १४२ करते, खोली तशीही गारठलेली असते, पायाशी थोडी ऊब मिळाली तर कुणाला नको आहे.

यावर आणखी एक पायरी आहे, कर्व्ह ऑप्टिमायझर, त्यात प्रत्येक कोरला थोडं कमी व्होल्टेज देता येतं. मी सगळ्या कोरना उणे १० ठेवलंय. लोक हावरेपणाने उणे ३० टाकतात, लोडवर छान चालतं आणि मग मशीन रिकामं बसलेलं असताना अचानक रीस्टार्ट होतं, कारण यातली गडबड लोडवर नाही, कमी कामात उघडी पडते. क्लायंटचं काम आहे, मला तो जुगार नको.

आता कॅबिनेट, हा खरा व्हिलन. दिसायला सुंदर, पुढे पूर्ण काच, आत तीन दिवेवाले फॅन जे काचेला तोंड लावून बसलेत. हवा यायची कुठून? बाजूच्या बोटभर फटीतून. याची चाचणी सोपी आहे आणि पैसे लागत नाहीत. रेंडर चालू असताना साइडचं पॅनेल काढा. प्रोसेसर एक-दोन डिग्री उतरला तर कॅबिनेट ठीक आहे. पाच-सहा किंवा जास्त उतरला तर कूलरला शिव्या देऊ नका, त्याला आत गरम हवाच मिळतेय. माझा सात उतरला. पुढची काच काढून तिथे कापडी नायलॉन जाळी चौकटीला ताणून लावली, भाच्याच्या मते गावठी दिसतं, दिसू दे, मशीन टेबलाखाली असतं. जाळी लावल्यावर पॅनेल बंद ठेवूनही जवळजवळ उघड्याइतकंच तापमान.

टॉवर कूलर लावताना अजून एक गोष्ट जी सहसा कोणी सांगत नाही. जुना स्टेल्थ हवा वरून खाली बोर्डवर मारायचा, त्यामुळे प्रोसेसरच्या बाजूचे व्हीआरएम, म्हणजे वीज पुरवणारे भाग, आपोआप गार व्हायचे. टॉवर हवा आडवी मारतो, त्यांच्यावरून काही जात नाही. बी४५० चे बरेचसे स्वस्त बोर्ड असे की त्यांच्या व्हीआरएमवर धड हीटसिंकही नसतं. म्हणून मागचा एक्झॉस्ट फॅन पाहिजेच पाहिजे, त्यात काटकसर नको. पुढे दोन आत घेणारे, मागे एक बाहेर टाकणारा, एवढं बास आहे. ग्राफिक्स कार्ड मोठं असेल तर वरती मागच्या कोपऱ्यात आणखी एक. माझं आरटीएक्स ३०६० आहे, १७० वॉटचं, रेंडरला ते गप्प बसतं पण व्ह्यूपोर्टमध्ये (मॉडेल फिरवून बघायची खिडकी) फिरताना तापतं आणि त्याची गरम हवा सरळ वर कूलरच्या तोंडात येते.

फॅनचा कर्व्ह, म्हणजे किती तापमानाला फॅन किती वेगाने फिरेल ते. रायझन ५००० ला सवय आहे, ब्राउजर उघडलं तरी क्षणात ४० वरून ६० ला उडी आणि परत खाली, आणि फॅन त्याच्यामागे घूंऽऽ करून वर-खाली. डोकं उठतं. बायोसमध्ये ६० पर्यंत फॅन एकाच संथ वेगावर सपाट ठेवा, तिथून ८० पर्यंत चढण, आणि स्टेप अप टाइम किंवा स्मूदिंग असं काही असेल तर चार-पाच सेकंद करा. एके४०० चा फॅन बाराशे-तेराशे फेऱ्यांपर्यंत ऐकूच येत नाही, सोळाशेच्या वर हवेचा आवाज येतो, घरघर नाही. इको मोडमध्ये तो तेराशेच्या वर क्वचित जातो.

खोलीतला डक्ट कूलर : कोरड्या मे महिन्यात तो खोली सात-आठ डिग्री सहज उतरवतो आणि तेवढेच्या तेवढे सात-आठ प्रोसेसरवरूनही उतरतात, वजाबाकी तीच. पण झोत सरळ कॅबिनेटवर येऊ देऊ नका, बोअरिंगचं खारं पाणी असलं की पट्ट्यांवर पांढरा थर बसतो. पाऊस सुरू झाला की तो कूलर तसाही काही कामाचा राहत नाही. मी मोठी रेंडर रात्री लावते, मालव्याच्या रात्री अजून तरी गार होतात, अकरानंतर खिडकी उघडली की खोली तीसच्या खाली येते आणि मग इको मोडशिवायही काम निभतं.

आणि धूळ. सफाईत पहिला नंबर वगैरे सगळं खरं, पण आमच्या भागात सारखं काही ना काही खोदकाम चालू असतं आणि ती माती दारं-खिडक्या बंद करूनही आत येते. टॉवरच्या पुढच्या पट्ट्यांवर दोन महिन्यांत करडी गादी तयार. ब्लोअर मारताना फॅनचं पातं बोटाने धरून ठेवा, जोरात उलटं फिरवायला मजा येते पण बेअरिंगची वाट लागते. आणि फॅन दोन क्लिपांवर असल्यामुळे तो काढून पट्ट्या मागून पुढे फुंकता येतात, हा या कूलरचा मला आवडलेला भाग, स्क्रू खोलायचेच नाहीत, पेस्टला धक्का नाही.

तर घ्यावा कुणी. रायझन ५६००, ५६००एक्स, ५७००एक्स असेल तर डोळे मिटून घ्या, ७६ वॉटच्या मर्यादेला हा भरपूर आहे, मेमध्येही काही सेटिंग बदलावी लागणार नाही. ५६०० च्या डब्यात स्टेल्थ येतोच आणि फक्त गेम आणि ऑफिसचं काम असेल तर तोही निभावून नेतो, आवाज सहन होत असेल तर पैसे वाचवा. ५८००एक्सवाल्यांनी घ्या पण उन्हाळ्यात ८८ वॉटची सवय करा. ते करायचंच नसेल, पूर्ण १४२ वॉटच हवेत, तर हजारभर जास्त घालून थर्मलराइट पीअरलेस अ‍ॅसॅसिन १२० एसई बघा, सहा पाइप आणि दोन फॅनचा डबल टॉवर आहे, उंची तीच १५५, पण जाड आहे, रॅमची उंची मोजून घ्या. ५९५०एक्सवर सलग रेंडर करणाऱ्यांसाठी एके४०० नाही.

याचाच डिजिटल नावाचा भाऊ मिळतो, त्याच्या डोक्यावर तापमान दाखवणारी पट्टी आहे. भाच्याला तोच हवा होता. वरचे पैसे मी कॅबिनेटच्या मागच्या फॅनला घातले, मशीन टेबलाखाली असतं, तो आकडा वाकून बघणार कोण.